लेसर मशीन एका कोपऱ्यात कापतं, दुसऱ्यात नाही. २२ मखरांची ऑर्डर डोक्यावर!

सुदामानगरी | मंगळवार, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी. आजवर इथे पाककृतींच्या धाग्यांवरच जास्त असते, आज वेगळंच रडगाणं घेऊन आलेय.

गेल्या दिवाळीनंतर मी आणि माझ्या धाकट्या दिरानं मिळून एक वापरलेलं लेसर कटिंग मशीन घेतलं. ६० वॅटची काचेची सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूची) ट्यूब, ६०० बाय ४०० मिमीचा बेड. इंदूरला, घरातच खालच्या खोलीत ठेवलंय. आधी दारावरच्या पाट्या केल्या. चैत्रात एका मैत्रिणीला चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी एमडीएफचं (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचं) मखर करून दिलं, इंदूरच्या राजवाड्याच्या दर्शनी भागासारखं, सात मजली, झरोके वगैरे. त्याचा फोटो सगळीकडे फिरला आणि आता गणपतीसाठी तसलीच २२ मखरं हवी आहेत लोकांना. हातात तीन आठवडे आहेत.

त्रास असा: बेडच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात ३ मिमी एमडीएफ छान कापला जातो, तुकडा आपोआप खाली पडतो. जसजसं पुढे उजवीकडे यावं तसतसं कापणं कमी. पुढच्या उजव्या कोपऱ्यात तर खालून नुसती तपकिरी रेघ. १२ मिमी प्रति सेकंद वेग आणि ६५ टक्के पॉवर ठेवतोय. पॉवर ९० केली तर झरोक्यांचे कोपरे कोळसा होतात आणि तरी तो कोपरा सुटत नाहीच.

ज्यांच्याकडून मशीन घेतलं ते म्हणतात ट्यूब संपली, नवी टाका. तुम्ही लोक ३ मिमीला वेग आणि पॉवरचे काय नंबर टाकता ते सांगाल का?

छप्पन_दुकान | मंगळवार, रात्री ११:२०

ताई, मी पण इंदूरचाच. ६० वॅटवर १५ ची स्पीड आणि ७० ची पॉवर टाकून राहिलो, मस्त कटून राहिलंय. तेच टाका नी.

कोथरूडची_खिडकी | मंगळवार, रात्री ११:३४

आमच्याकडे ८ आणि ५५. तेही ६० वॅटच.

(कटून राहिलंय... कानाला गोड लागतं हो हे माळवी मराठी!)

छप्पन_दुकान | मंगळवार, रात्री ११:३६

लागणारच. पोह्यांवर शेव आणि जिरावन टाकून खाणाऱ्यांची भाषा आहे.

आरसेवाला | बुधवार, सकाळी ६:५०

सुदामानगरी, नंबर मागू नका. वरच्या दोघांचे नंबर पाहा: एकच वॅट, एकच जाडी, आणि वेगात जवळपास दुपटीचा फरक. दोघेही खरं बोलत आहेत. एकाचे आरसे स्वच्छ असतील, दुसऱ्याची ट्यूब जुनी असेल, एकाचा एमडीएफ कोरडा असेल, दुसऱ्याचा पावसात भिजून आला असेल. दुसऱ्याचा नंबर हा दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर आहे.

थोडं माझ्याबद्दल, म्हणजे सल्ला कोण देतंय ते कळेल. कॅटमध्ये ३१ वर्षं वर्कशॉपला होतो. (१९८४ साली पायाभरणी झाली तेव्हाचं नाव कॅट, २००५ पासून राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्र. पण इंदुरात रिक्षावाल्याला अजून कॅटच सांगावं लागतं.) शास्त्रज्ञ नव्हतो, पण आरसे खूप पुसले आहेत.

तुमची ट्यूब गेलेली नाही. ट्यूब गेली असती तर चारही कोपऱ्यांत सारखीच रड असती. तुमच्या मशीनमध्ये ट्यूब मागे आडवी असणार. पहिला आरसा मागच्या डाव्या कोपऱ्यात, दुसरा पुढेमागे सरकणाऱ्या गाड्याच्या डाव्या टोकाला, तिसरा डोक्यावर (बेडवर फिरणाऱ्या, कापणाऱ्या भागावर), लेन्सच्या वर. डोकं मागे डावीकडे असतं तेव्हा किरणाची वाट सगळ्यात छोटी. पुढे उजवीकडे आलं की सगळ्यात लांब. पहिल्या आरशाचा कोन केसभर चुकला, तरी लांबच्या टोकाला किरण चार-पाच मिमी बाजूला सरकतो, डोक्याच्या नळीच्या भिंतीला घासतो आणि निम्मी ताकद तिथेच जाते. नेमकं तुमचंच लक्षण.

आता काम. बांगड्या, अंगठी काढून ठेवा. चकचकीत धातू किरणाच्या वाटेत नको. डोळ्यांवर साधा पॉलीकार्बोनेटचा पारदर्शक गॉगल. टेप लावायचा, हात बाहेर, सगळे बाजूला, आणि मगच पल्सचं (किरण क्षणभर सोडायचं) बटण, पॉवर अगदी कमी. मुलं खोलीत नकोत.

दुसऱ्या आरशाच्या तोंडावर मास्किंग टेप लावा. गाडा अगदी मागे नेऊन एक पल्स द्या, ठिपका उमटेल. तोच टेप ठेवून गाडा अगदी पुढे आणा, पुन्हा पल्स. दोन ठिपके एकावर एक पडले तर ठीक. नाही पडले तर पहिल्या आरशाचे स्क्रू हलवायचे, ते पाव फेऱ्याहून कमी कमी. इथे सगळे चूक करतात: ठिपका आरशाच्या मध्यभागी आणायला जातात. मध्य विसरा. लांबचा ठिपका जवळच्या ठिपक्यावर आणायचा, एवढंच. दोन्ही एक झाले म्हणजे किरण रुळाला समांतर झाला.

मग तिसऱ्या आरशाच्या तोंडावर टेप. गाडा मागे ठेवून डोकं डावीकडे, उजवीकडे. त्यासाठी दुसऱ्या आरशाचे स्क्रू. शेवटी चारही कोपऱ्यांत तपासा. चारही ठिकाणी ठिपका एकच, पण मध्याच्या खाली किंवा वर येत असेल, तर आरशांना हात न लावता ट्यूबच वरखाली करावी लागते.

सगळ्यात शेवटी नोझलच्या (डोक्याच्या खालच्या, किरण बाहेर पडतो त्या टोकाच्या) तोंडाला टेप दाबून चिकटवा, एक पल्स. छिद्र नोझलच्या बरोबर मध्यभागी हवं. तिरकं आलं तर तुमचे काप उभे न येता तिरपे येतील, आणि सात मजल्यांचं मखर पिसाच्या मनोऱ्यासारखं झुकेल.

घाई करू नका. पहिल्यांदा दोन तास लागतात. नंतर वीस मिनिटं.

बारामतीचा_बाप्पू | बुधवार, सकाळी ९:१२

+१. अवांतर, पण अभिमानानं: हे सीओटू लेसर ज्यांनी शोधलं ते कुमार पटेल जन्मानं बारामतीचे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून अमेरिकेत गेले आणि १९६४ साली बेल लॅब्समध्ये त्यांनी हे लेसर चालवून दाखवलं. म्हणजे सुदामानगरीबाईंच्या खालच्या खोलीतल्या ट्यूबचं माहेर बारामती.

कोथरूडची_खिडकी | बुधवार, सकाळी ९:४०

बारामतीकरांना कशाचंही श्रेय बारामतीला देता येतं हे माहीत होतं, यावेळी मात्र खरं निघालं!

सुदामानगरी | बुधवार, रात्री १०:१५

काका, शिरसाष्टांग नमस्कार. दीर आणि मी संध्याकाळी चारला बसलो, आठला उठलो. दोन तास काही झालं नाही, चार लागले.

पहिल्या आरशाचे दोन ठिपके जवळजवळ ५ मिमी दूर होते! मागचा ठिपका मध्याच्या जवळ, पुढचा पार कडेला. त्या आरशाचा एक स्क्रू नुसताच ढिला होता. मशीन टेम्पोतून आणलं तेव्हा हललं असणार. आता चारही कोपऱ्यांत एकच ठिपका येतो.

पण एक गोष्ट कळत नाही. आता चारही कोपऱ्यांत सारखं कापतं, म्हणजे सारखंच वाईट कापतं. पूर्वी मागच्या कोपऱ्यात जसं सुटायचं तसं आता कुठेच सुटत नाही. कापाची रेघही जाड दिसते. मधल्या वेळात आम्ही लेन्स काढून पुसली, एवढंच केलं.

आरसेवाला | बुधवार, रात्री १०:३१

पुसली कशानं? आणि परत कशी बसवली?

सुदामानगरी | बुधवार, रात्री १०:३८

जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं, तोंडाची वाफ देऊन, चष्मा पुसतो तशी. बसवली कशी म्हणजे? तिथे होती तशीच बसवली.

आरसेवाला | बुधवार, रात्री १०:५२

"तिथे होती तशीच" हे वाक्य मी ३१ वर्षांत बरंच ऐकलं आहे.

लेन्स हातात घ्या, कडेला धरून. एक बाजू फुगीर असते, एक सपाट. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दोन्ही बाजूंना बघा: फुगीर बाजूला लहान दिसतं, सपाट बाजूला मोठं आणि सरळ. फुगीर बाजू वर, म्हणजे किरण येतो त्या दिशेला हवी. उलटी बसली तरी लेसर चालतं, जळतं, धूरही निघतो, त्यामुळे शंका येत नाही. फक्त किरण नीट एका बिंदूत जमत नाही आणि रेघ जाड होते. तुम्ही लिहिलंय तेच.

साडीचा तुकडा पुन्हा नको. ही लेन्स काचेची नाही, झिंक सेलेनाइडची आहे, म्हणून पिवळसर दिसते. मऊ असते, वर पातळ लेप असतो. आधी हवेच्या फुग्यानं धूळ उडवायची, मग लेन्स पुसायच्या कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाकून तो कागद लेन्सवरून नुसता ओढायचा. घासायचं नाही, दाबायचं नाही. वाफ द्यायची तर नाहीच. आणि कधी फुटली किंवा जळाली तर तिचे तुकडे, भुकटी उघड्या हातानं गोळा करू नका, हुंगू नका. विषारी असते.

सुदामानगरी | बुधवार, रात्री ११:२४

उलटीच होती. काही बोलू नका.

छप्पन_दुकान | बुधवार, रात्री ११:२६

ताई, आम्ही काही बोलून नाही राहिलो. 🙂

बडोद्याचा_पाटीवाला | गुरुवार, दुपारी १:०५

उशिरा आलो. बडोद्यात पाट्या-साइनबोर्डचं काम आहे, १४ वर्षं झाली. आरसेवाला काकांनी किरण सरळ केलाच आहे, आता फोकस.

फोकसचा ठोकळा मशीनबरोबर मिळतो, त्यावर विश्वास ठेवू नका. वापरलेल्या मशीनमध्ये लेन्स आधीच कुणी बदललेली असते. सगळ्यात जास्त चालते ती दोन इंची, म्हणजे ५०.८ मिमी फोकसची. पण कुणी अडीच इंची, ६३.५ ची टाकलेली असते, आणि ठोकळा मात्र जुनाच. स्वतः शोधा. प्लायचा लांब तुकडा एका टोकाखाली ठोकळा देऊन तिरका ठेवा. त्यावरून डोकं सरळ एका रेषेत न्या, कमी पॉवर, जास्त वेग. रेघ एका टोकाला जाड, मधे बारीक, पुन्हा जाड अशी येईल. जिथे सगळ्यात बारीक, तिथे नोझलपासून लाकडापर्यंतचं अंतर मोजा. तेवढ्या उंचीचा ठोकळा अ‍ॅक्रिलिकचा कापून घ्या आणि त्यावर अंतर कोरून ठेवा. माझा ठोकळा दोरीनं मशीनलाच बांधलेला आहे, नाहीतर पोरं हरवतात.

कोरीवकामाला फोकस पृष्ठभागावर. कापायला थोडा आत. ३ मिमीला मिलीभर खाली चालेल, ८-१० मिमी अ‍ॅक्रिलिकला जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत खाली घेतो मी.

आणि एमडीएफच्या शीटवर लिहिलेलं ३ मिमी कधीच ३ नसतं. आमच्याकडे येतो तो २.७ ते २.८ भरतो. प्रत्येक शीटची जाडी व्हर्नियर लावून मोजा.

सुतारपक्षी | गुरुवार, दुपारी ३:३०

पाटीवाल्यांच्या शेवटच्या ओळीला धरून. सुदामानगरी, तुमचं मखर खाचांत खाचा बसवून उभं राहतं की फेविकॉलनं? खाचांचं असेल तर काप किती रुंद पडतो ते मोजल्याशिवाय २२ नग कापू नका.

२० मिमीचे दहा चौरस कापा. शेजारी शेजारी दाबून एका ओळीत ठेवा, एकूण लांबी मोजा. समजा १९८.४ भरली. म्हणजे दहात १.६ गेले, एकात ०.१६. तेवढं लाकूड लेसरनं खाल्लं. आता २.८ चा एमडीएफ घट्ट बसायला खाच चित्रात २.६४ काढायची, कापल्यावर ती २.८ होते. जीभ आणि भोक दोन्ही २० काढाल तर जीभ ०.१६ नं लहान होते, भोक ०.१६ नं मोठं, मिळून ०.३२ ची ढिलाई. सातव्या मजल्यापर्यंत ती मोजूनच बघा!

फोकस बदलला, लेन्स बदलली, सामान बदललं की हा आकडाही बदलतो.

सुदामानगरी | गुरुवार, रात्री ९:४८

लेन्स सुलटी केली, तिरक्या तुकड्यावर फोकस शोधला. पाटीवाले दादा, तुम्ही म्हणालात तस्संच: आमचा ठोकळा जवळजवळ ४ मिमी चुकीचा होता! आता १४ च्या वेगाला ५५ टक्क्यांत सुटतंय. म्हणजे आठ महिने आम्ही आंधळेपणानंच कापत होतो.

दहा चौरस: १९८.२. खाचा पुन्हा काढायला दीर बसलाय, तोंड वाकडं करून.

उरलेला त्रास झरोक्यांच्या कोपऱ्यांचा. सरळ रेघ सुंदर, पण प्रत्येक कोपऱ्यात काळा ठिपका. आणि आमच्या मखरात वरच्या चार मजल्यांना लहान लहान चौकोनी खिडक्याच खिडक्या आहेत. (खऱ्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, म्हणून मी वरच्यांना जास्त जाळी दिली. हौस नडली.)

बडोद्याचा_पाटीवाला | शुक्रवार, सकाळी १०:२०

कोपऱ्यावर डोकं वळायला थांबल्यासारखं होतं, वेग कमी होतो, पॉवर तीच राहते, म्हणून जळतं. सॉफ्टवेअरमध्ये कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन पॉवर असतात. तुम्ही दोन्हीकडे ५५ लिहिलं असणार. कमीत कमीची खाली आणत जा, पाच-पाच टक्क्यांनी, जोवर कोपरा सुटतो पण काळा होत नाही. फार खाली नेली तर कोपरा चिकटून राहील. तुमच्या मशीनचा आकडा तुम्हालाच सापडेल.

दुसरं म्हणजे हवा. मशीनबरोबर माशांच्या टाकीसारखा छोटा पंप आला असेल. एमडीएफ कापायला तो अपुरा. छोटा कॉम्प्रेसर लावा, मधे पाणी अडवणारा फिल्टर हवाच, विशेषतः पावसाळ्यात, नाहीतर लेन्सवर तुषार. जोरात हवा ज्वाळा विझवते, धूर कापाबाहेर ढकलते, लेन्स स्वच्छ ठेवते. कोरीवकामाला मात्र हवा मंद.

वरच्या बाजूचे धुराचे डाग: कापण्याआधी पूर्ण शीटवर रुंद मास्किंग टेप. सोलायला कंटाळा येतो, पण घासत बसण्यापेक्षा परवडतं. खालच्या बाजूचे डाग हनीकोंबवरून (शीटखालच्या धातूच्या जाळीवरून) किरण उसळून येतात. शीट खिळ्यांवर किंवा पट्ट्यांवर १० मिमी उचलून धरा.

नवखा_निळा | शुक्रवार, सकाळी ११:४५

मस्त धागा, वाचनखूण साठवली. माझ्याकडे छोटं निळ्या लेसरचं डायोड मशीन आहे, १० वॅट. लाकूड कापतं पण पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर काहीच होत नाही. बिघडलंय का?

आरसेवाला | शुक्रवार, दुपारी १२:१०

बिघडलेलं नाही. निळा किरण ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून तो खिडकीतून ऊन जावं तसा आरपार जातो. सीओटूचा किरण १०.६ मायक्रॉनचा, डोळ्यांना न दिसणारा. अ‍ॅक्रिलिक तो पूर्ण शोषतं, म्हणून कापलं जातं. तुम्ही काळं अ‍ॅक्रिलिक घेऊन बघा.

याचीच दुसरी बाजू महत्त्वाची. सीओटू मशीनच्या झाकणाची अ‍ॅक्रिलिकची खिडकी सीओटूचा किरण अडवते. तीच खिडकी निळ्याला अडवत नाही. तुम्हाला ४५० साठीचा चष्मा लागतो, उघड्या मशीनवर तर लागतोच. त्यात काटकसर करू नका.

खोपोलीची_खटपट | शुक्रवार, दुपारी २:३३

मी सनबोर्ड कापते ५० वॅटवर. कडा पिवळट येतात. काय करावं?

बडोद्याचा_पाटीवाला | शुक्रवार, दुपारी २:४१

ताबडतोब बंद करा. मोठ्या अक्षरात लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं.

बाजारात सनबोर्ड म्हणून मिळतो तो पीव्हीसीचा फेस असतो. लेसरनं जळला की हायड्रोजन क्लोराइड निघतो. दमट हवेत त्याचं आम्ल होतं. आधी तुमच्या घशात, मग मशीनच्या रुळांवर. माझ्याकडे पहिल्या वर्षी एका कारागिरानं मी नसताना गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर रेक्झिनचे तीस तुकडे कापले. चामड्यासारखं दिसतं म्हणून त्याला वाटलं चालेल. रेक्झिनवर पीव्हीसीचाच थर असतो. आठवड्याभरात रुळांवर तांबूस गंज, बेअरिंग करकरायला लागले. त्याचा खोकला पंधरा दिवस गेला नाही. पैशाचं सोडा, पण पोराची भीती वाटली होती.

विनाइलचे स्टिकरही त्यातलेच. कुठलं प्लास्टिक आहे कळत नसेल तर मोकळ्या हवेत तांब्याची तार लालबुंद तापवायची, त्या प्लास्टिकला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, लेसरखाली घालायचं नाही. सनबोर्डला कटर आणि पट्टी, नाहीतर राउटर.

खोपोलीची_खटपट | शुक्रवार, दुपारी ३:०२

बंद केलं. हात थरथरतोय. धन्यवाद.

सुतारपक्षी | शुक्रवार, संध्याकाळी ६:१५

प्लाय कापणाऱ्यांसाठी एक. दुकानदार कौतुकानं "७१०" दाखवतो, म्हणजे आयएस ७१० चा मरीन प्लाय. पाण्याला उत्तम, लेसरला वाईट. त्यातला फिनॉलिक गोंद कडक. किरण तिथे अडतो आणि कड कोळशासारखी होते. साधा आयएस ३०३ चा एमआर ग्रेड बरा कापला जातो. तरीही आत कुठे पोकळी, कुठे गोंदाची गाठ; उजेडासमोर धरून दिसत नाही. मखरासाठी एमडीएफच सोयीचा.

सुदामानगरी | रविवार, रात्री १०:३०

प्रगती: सहा मखरं कापून झाली. कमीत कमीची पॉवर ३८ वर आणली, कोपरे स्वच्छ.

पण आज दुपारी मशीन अर्ध्यात कमी कापायला लागलं. थांबवलं, झाकण उघडलं तर ट्यूबवर पाण्याचे थेंब! गळती आहे का? दोन दिवस धो-धो पाऊस आहे इथे. चिलर (ट्यूबचं पाणी थंड ठेवणारं यंत्र) १८ वर ठेवलाय, कुणीतरी सांगितलं होतं जितकं थंड तितकं बरं.

आरसेवाला | रविवार, रात्री १०:४४

आज रात्री मशीन चालू करू नका. उद्या सकाळी ट्यूब पूर्ण कोरडी झाल्याशिवाय नाहीच.

गळती नाही, दव आहे. थंड ताकाच्या लोटीवर बाहेरून घाम येतो तसा. हवा २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर २४ अंशांच्या किंवा त्याहून थंड कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. तुमची ट्यूब १८ वर होती. किरण बाहेर पडतो त्या टोकाच्या काचेवर थेंब म्हणजे ताकद जाणार, काच तडकणार. दुसऱ्या टोकाला हजारो व्होल्ट असतात, तिथे ओल म्हणजे ठिणगी. पावसाळ्यात चिलर २५ वर ठेवा.

उन्हाळ्यात उलट. मे महिन्यात इंदूर ४२ ला जातं, तेव्हा चिलरचा मॉडेल नंबर पाहा. ३००० नंबरचा असेल तर तो चिलर नाहीच, पंखा आणि जाळी आहे. खोलीच्या हवेपेक्षा पाणी थंड करू शकत नाही. ५००० किंवा ५२०० मध्ये फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो.

पाणी कुठलं भरलंय?

सुदामानगरी | रविवार, रात्री १०:५०

नळाचं. नर्मदेचं आहे हो, चांगलं.

आरसेवाला | रविवार, रात्री १०:५८

नर्मदेकाठच्या जलूदहून एवढा चढ चढून येतं, पवित्र आहे, प्यायला उत्तम. ट्यूबला नको. क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते आणि काचेत थर बसतो. डिस्टिल्ड वॉटर भरा, बॅटरीवाल्यांकडे कॅन मिळतो. आणि मशीनचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घ्या. तिसरी पिन नुसती लटकलेली असते बऱ्याच घरांत.

छप्पन_दुकान | सोमवार, सकाळी ८:०५

काका, माझा पण ३००० च आहे. दोन उन्हाळे बर्फाच्या बाटल्या टाकून काढले. आता कळून राहिलंय की दुकानदारानं चिलर म्हणून पंखा विकला!

अक्षरवेडा | सोमवार, दुपारी १२:२५

सुदामानगरी, पहिल्या पोस्टमध्ये पाट्यांचा उल्लेख होता. देवनागरी पाट्या कापताना अक्षरांच्या सांध्यावर चिरा पडतात का? म्हणजे "कुलकर्णी" मध्ये कु आणि ल च्या मधे शिरोरेषेत उभी चीर?

सुदामानगरी | सोमवार, दुपारी १:१०

हो!! प्रत्येक पाटीवर. आम्ही चिकटवून वर रंग मारतो.

अक्षरवेडा | सोमवार, दुपारी २:००

वाटलंच. रोमन लिपीत ही भानगड नसते म्हणून परदेशी व्हिडिओंत कुणी सांगत नाही.

देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात थोडी घुसवलेली असते, म्हणजे छापताना सलग दिसावी. कागदावर काळ्यावर काळं, कळत नाही. लेसर मात्र बाह्यरेषा कापतं, त्यामुळे एकमेकांत घुसलेल्या दोन्ही कडा कापून टाकतं. काना, वेलांटी, रफार जिथे टेकतात तिथेही तेच. म्हणून मजकूर आधी कर्व्हमध्ये (नुसत्या रेषांत) बदला, मग सगळी अक्षरं निवडून वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा. ही सोय कोरल सॉफ्टवेअरमध्येही आहे, लाइटबर्नमध्येही. वेल्ड झाल्यावर नुसत्या रेषांच्या दृश्यात मोठं करून बघा, शिरोरेषा सलग हवी. सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं मोडत असतील तर मजकूर दुसरीकडे कर्व्ह करून आणा.

वेल्ड केलं की देवनागरीचा फायदा सुरू होतो. शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते, ग आणि ण चे सुटे दंडसुद्धा. "गणेश" अख्खा एका तुकड्यात हातात येतो. इंग्रजी नावाची अक्षरं एकेक करून लावत बसावी लागतात. फक्त फॉन्ट जाड शिरोरेषेचा घ्या. ३ मिमी एमडीएफमध्ये ४ मिमीपेक्षा बारीक शिरोरेषा पाटी उचलतानाच मोडते.

सुटे राहतात ते अनुस्वार आणि विसर्ग. त्यांना एकतर बारीक देठानं जोडा, नाहीतर वेगळे चिकटवा.

बडोद्याचा_पाटीवाला | सोमवार, दुपारी २:३०

अक्षरवेडा यांना +१००. हे मला सहा महिने वाया घालवून कळलं होतं.

अ‍ॅक्रिलिकच्या पाट्यांसाठी दोन गोष्टी. कोरायचं असेल तर कास्ट (साच्यात ओतलेली) शीट मागा, कोरलेलं पांढरं शुभ्र दिसतं. एक्सट्रूडेडवर (यंत्रातून दाबून काढलेल्यावर) कोरलेलं दिसतच नाही धड. आणि कापलेलं अ‍ॅक्रिलिक स्पिरिटनं पुसू नका. कडेला ताण राहिलेला असतो, स्पिरिट लागलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा जातात, कधी लगेच, कधी गिऱ्हाइकाच्या दारावर लागल्यावर. साबणाचं पाणी, मऊ कापड.

कोथरूडची_खिडकी | सोमवार, संध्याकाळी ७:२०

एक राहिलं. मशीन चालू ठेवून चहा करायला जाऊ नका. आमच्याकडे जाळीचा सुटा तुकडा उभा राहिला, डोक्याला अडकला, डोकं जागीच आणि किरण चालू. मी दोन मिनिटांसाठी गेले होते. परत आले तेव्हा बेडवर वीतभर ज्वाळा. सीओटूचा विझवणारा सिलिंडर होता म्हणून निभावलं. पावडरवाला असता तर आग विझली असती, पण पावडर रुळांत, आरशांत सगळीकडे गेली असती.

तेव्हापासून आधी कोरीवकाम, मग आतली भोकं, मग बाहेरची कड, हा क्रम कधी मोडत नाही. बाहेरची कड आधी कापली तर शीट हलते आणि खिडक्या भलतीकडे जातात. आणि चित्रात एकावर एक दोन रेषा नाहीत ना ते बघते. त्या असल्या की तीच रेघ दोनदा जळते.

सुदामानगरी | आठवड्यानंतर, शनिवार, रात्री ११:५०

२२ पैकी २१ गेली. एक आमच्या घरी, ते पहिल्या, आंधळेपणाच्या काळातलं आहे, जरा झुकतं. त्याला मागून पट्टी मारलीय.

काकांचं ऐकून वही घातली. तारीख, शीट कुठून आली, व्हर्नियरची जाडी, हवा दमट की कोरडी, चिलर, वेग, दोन्ही पॉवर, आणि कापलेला छोटा तुकडा तिथेच चिकटवलेला. आज बघितलं तर एकाच दुकानातल्या दोन गठ्ठ्यांना वेगवेगळा वेग लागलाय, १४ आणि ११. दुसरा गठ्ठा पावसात आला होता.

वेल्ड करून काल पहिली सलग पाटी काढली, "शिंदे". अख्खा शब्द एका तुकड्यात, शिरोरेषा अभंग, दीर नाचलाच. दारावर लावून आलो. आज सकाळी त्यांचा फोन: "अहो, आम्ही शिदे नाही."

अनुस्वार राहिला!

अक्षरवेडा | रविवार, सकाळी ७:३०

हनीकोंबखालच्या ट्रेमध्ये बघा. आणि पुढच्या वेळी वर जो मास्किंग टेप लावता तो कापताना तसाच आरपार कापू द्या, पण उचलण्याआधी सगळ्यावर दुसरा रुंद टेप दाबून चिकटवा. शब्द आणि टिंब दोन्ही आपापल्या जागी टेपला धरून उचलले जातात, तसेच दारावर लावायचे, मग टेप सोलायचा.

सुदामानगरी | रविवार, सकाळी ९:१५

सापडलं! ट्रेमध्ये तीन टिंबं होती. दोन कुणाची ते आता पाट्यांच्या याद्या काढून बघतेय.